दुसऱ्या बाजूचा फुलबॅक

"संपत, बूट घाल," नाईकवडी सर म्हणाले.

मी हायस्कूलच्या व्हरांड्यात नळाखाली बाटल्या भरत होतो. रविवारचे बारा वाजले होते आणि चार वाजता सामना होता. हातातली बाटली तशीच वाहत राहिली.

"कुणाला लागलं का, सर?" मी विचारलं. माझा आवाज आनंदानं चिरकला होता.

"आपल्यातल्या कुणाला नाही." सर माझ्याकडं न बघता बोलत होते. "त्यांच्याकडून खेळायचंय."

"कुणाकडून?"

"थायलंडकडून."

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण नाईकवडी सरांनी उभ्या आयुष्यात कुणाची थट्टा केली नव्हती.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, जयसिंगपूरची. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि भारताच्या रग्बी लीग संघात होतो. म्हणजे असायला हवा होतो. रग्बी लीग म्हणजे तेरा जणांची रग्बी. चेंडू काखेत धरून पळायचं, समोरच्यानं धरून पाडायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांच्याकडं. रेषेपलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण. मग खांबांच्या मधून लाथ मारून आणखी दोन मिळवायचे. आमच्याकडं हा खेळ कुणाला माहीत नव्हता. सरांनी आमच्या गावच्या कबड्डी मंडळातली पोरं उचलली आणि चार वर्षं घासून तयार केली.

भारताचा संघ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं आमच्याकडं काही नव्हतं. आठ पोरं आमच्या भागातली, बाकीची ओडिशा, केरळ, दिल्लीकडची. आठवीच्या वर्गातली बाकं एका भिंतीला रचून आम्ही सतरंज्यांवर झोपत होतो. पण छातीवर तिरंगा होता. आमच्या गावात वेशीवर भलामोठा फ्लेक्स लागला होता, 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्यावर दोन फोटो. एक भरतेश मगदूमचा, एक माझा, संपत खोचगेचा.

भरतेश आमचा कॅप्टन. त्याचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. ते जैन, आम्ही मराठा. पण त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची तेव्हा त्यांच्या ताटावर मी कितीतरी वेळा बसलोय. कबड्डीत तो चढाईला जायचा आणि मी पकड करायचो. सरावात दहा वर्षं मी त्याला पकडत होतो. तो उजवा पाय रोवून डावीकडं सटकतो, हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं एवढं मला माहीत होतं.

थायलंडशी दोन सामने होते, पहिला गुरुवारी. बुधवारी सरांनी सतरा नावं वाचली. सतरावं नाव केरळच्या एका पोराचं होतं. त्यानंतर सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. राहिलो मी आणि ओडिशाचा बिरंची.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. भरतेश मागनं आला आणि शेजारी बसला.

"संप्या, तुला दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापेक्षा मीच सांगतो," तो म्हणाला. "सरांनी मला विचारलं होतं. मी त्या केरळच्या पोराचं नाव सांगितलं."

मी पायरीवरचा एक खडा उचलून लांब फेकला.

"तुझी पकड एक नंबर आहे लगा. पण वळताना तू स्लो आहेस. थायलंडची पोरं चपळ आहेत. मी कॅप्टन आहे, मला बघायला पाहिजे."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

"राग आला का?"

"राग कसला त्यात?"

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो आत गेला. त्याचा चेहरा हलका झालेला मला दिसला. खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. सरांवर ढकललं असतं, तरी चाललं असतं.

गुरुवारी आम्ही सोळा-वीस असे हरलो. मी पाणी वाटलं. भारत तोवर एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकला नव्हता आणि त्या दिवशी अगदी थोडक्यात हुकला. सगळे म्हणत होते, रविवारी जिंकतोय बघा. थायलंडच्या फुलबॅकचं त्या सामन्यात खांद्याचं हाड मोडलं होतं. शुक्रवारी पाहुण्यांना नरसोबाच्या वाडीला नेलं, येताना एका रसवंतीवर थांबलो. उन्हातनं आलेली पोरं, बर्फ घातलेला रस तीन-तीन ग्लास प्याली. शनिवारी त्यांची पाच जणं आडवी झाली. सतरातले उरले अकरा.

अकरा जणांवर आंतरराष्ट्रीय सामना होत नाही. आणि असोसिएशनचे सेक्रेटरी पाटणकर यांना सामना पाहिजेच होता. दोन सामने पुरे झाले तरच संघटनेचा मान्यतेचा अर्ज वर पुढं सरकणार होता. त्यांनीच तोड काढली. आमचे उरलेले दोघं त्यांच्याकडून उतरवायचे आणि कागदावर त्यांच्या आजारी खेळाडूंची नावं तशीच ठेवायची. थायलंडचे पाहुणे बिचारे कबूल झाले. खेळायला तर आले होते.

पाटणकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, तू आजच्यापुरता नरोंग. अंगावर त्यांचा शर्ट असला तरी संघ आपला कुठला, हे काय सांगायला नको. उभं राहायचं, पळायचं, बेतानं घ्यायचं. कळलं न्हवं?"

"कळलं, साहेब."

भरतेशला कळल्यावर तो पोट धरून हसला. मनात काही नव्हतं त्याच्या. "म्हणजे आज तू मला अडवणार व्हय?" तो म्हणाला. "चला, खेळायला तर मिळालं तुला."

मी पण हसलो. बूट बांधायला खाली वाकलो आणि बराच वेळ वर बघितलं नाही.

थायलंडचा कॅप्टन विचाई नावाचा होता. चाळिशीचा, शाळेत पी.टी. शिकवणारा. त्याला इंग्रजी जेमतेम आणि मलाही तसंच. त्यानं मैदानाच्या कडेला मातीत बोटानं तेरा खड्डे केले, सगळ्यात मागच्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि मग ते बोट माझ्या छातीला लावलं. फुलबॅक. सगळे चुकले की शेवटी जो राहतो तो. आमच्या संघात ती जागा मला कधीच मिळाली नव्हती. मग त्यानं मला दोन शब्द शिकवले. 'साय' म्हणजे डावीकडं, 'ख्वा' म्हणजे उजवीकडं. मी दोनदा म्हणून दाखवले. तो खूश झाला. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, तेव्हा माझ्या मनात आलं की मला बेतानं खेळायला सांगितलंय, हे या माणसाला माहीत नाही.

सामना सुरू झाला. तीन-चारशे माणूस जमलं होतं. आमच्या गावची ट्रॉली भरून आली होती. भरतेशचे वडील, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, खांद्यावर टॉवेल टाकून रेषेजवळ उभे होते. आमच्या गावच्या पोरांना मी थायलंडच्या लाल शर्टात का, हे समजेना. ती सुरुवातीला माझ्याकडं बघून ओरडत होती, "ए संप्या, पार्टी बदललास काय!"

पहिला माणूस माझ्यावर आला तो दिल्लीचा. मी बेतानंच घेणार होतो. पण अंगाला चार वर्षं एकच शिकवलं होतं, ते अंगानं केलं. मी त्याला मांडीला धरून उचलला आणि पाठीवर टाकला. विचाई लांबून धावत आला आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

मग मी थांबलो नाही. किती जणांना पाडलं ते मोजलं नाही. केरळच्या पोराला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा तो वळत होता आणि मीही त्याच्याबरोबर वळलो. मध्यंतरात पाटणकर रेषेवर येऊन हळू आवाजात म्हणाले, "काय करालायस खोचगे?" मी पाणी पीत राहिलो. नाईकवडी सर नुसते बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा थायलंड अठरा, भारत चौदा. एक ट्राय आणि त्यानंतरची लाथ, की आम्ही वीस-अठरा. भारताचा पहिला विजय. मी 'आम्ही' म्हणतोय, पण त्या घडीला माझ्या डोक्यात आम्ही म्हणजे कोण ते मला आज नीट सांगता येत नाही.

भरतेशला चेंडू मधल्या रेषेवर मिळाला. दोघांच्या मधून तो अंग चोरून निसटला आणि समोर मोकळं मैदान. मध्ये मी एकटा. माझ्या मागं पंधरा-वीस पावलांवर रेषा. मैदानाभोवतीचा सगळा माणूस उभा राहून ओरडत होता. विचाईचा आवाज आला, "साय! साय!" तो मला डावीकडं सरकायला सांगत होता. पण भरतेश डावीकडं जात नव्हता, उजवीकडंही नाही. तो सरळ माझ्यावर येत होता.

मग तो ओरडला. "सोड, संप्या!"

मला नीट ऐकू आलं. एवढ्या गलक्यातही, भिंतीपलीकडनं हाक मारल्यावर यायची तशी हाक आली.

त्यानं उजवा पाय रोवला नाही. अंग आवळलं नाही. दहा वर्षांत तो माझ्यावर असा सैल कधी आला नव्हता. त्याची नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या पलीकडं, खांबांकडं होती. मी सोडणार हे त्यानं धरूनच टाकलं होतं.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की विचार करायला वेळ कुठं होता. वेळ होता. तीन पावलांचा वेळ होता. त्या तीन पावलांत मला विचाईचा विश्वास आठवला असता, अंगावरच्या शर्टाशी इमान वगैरे आठवलं असतं, तर मी आज ही गोष्ट अभिमानानं सांगितली असती. मला फक्त ती पायरी आठवली आणि माझ्या पाठीवर थाप मारून हलका होऊन आत गेलेला त्याचा चेहरा.

मी खाली गेलो. सैल पायाला पकड घातल्यावर आतल्या बाजूला लोळायचं नाही, गुडघा जातो, हे सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी त्याचा टेकलेला पाय दोन्ही हातांनी कवटाळला आणि आतल्या बाजूला लोळलो.

आवाज झाला. ओला वासा मोडल्यासारखा.

पंचानं शिट्टी वाजवली नाही. पकड नियमात बसत होती. चेंडू भरतेशच्या हातातनं सुटून पुढं गडगडत गेला, तो विचाईनं उचलला आणि मैदानाबाहेर मारला. मग भरतेश ओरडायला लागला, तेव्हा सगळे थांबले.

त्याला स्ट्रेचरवर घेतला. गुडघा भलत्याच बाजूला गेला होता. पाटणकर माझ्या अंगावर धावून आले, "अरे, तुला सांगितलं काय होतं? काय सांगितलं होतं?" तेव्हा भरतेश दात आवळून, घामानं निथळत म्हणाला, "साहेब, त्याला बोलू नका. बरोबर पकडलं त्यानं. खेळ आहे."

आप्पा स्ट्रेचरच्या मागं निघाले होते. माझ्याजवळ आल्यावर ते थांबले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"संपत," ते म्हणाले, "आमच्याच ताटावर जेवलास की रं."

पुढं आठ वर्षांनी ते वारले. तोवर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

उरलेली तीन मिनिटं खेळून झाली. अठरा-चौदा. थायलंडच्या पोरांनी मला उचलून घेतलं. विचाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तो काहीतरी बोलत होता आणि त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं. मग बक्षीस समारंभ झाला. प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे संचालक होते, ते शेवटी शेवटी आले होते. माईकवरून पुकारलं, "सामनावीर, थायलंडचे नरोंग!" विचाईनं मला पुढं ढकललं. बक्षीस हातात देताना संचालक साहेब माझ्याकडं बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "वेलकम टू इंडिया."

मी मान लववून म्हणालो, "थँक्यू."

गावची ट्रॉली तोवर निघून गेली होती.

भरतेशच्या गुडघ्याचे दोन लिगामेंट तुटले होते. मिरजेला ऑपरेशन झालं, पाय सरळ झाला, पण पळणं संपलं. आणि आम्हाला दोघांनाही एप्रिलमध्ये पोलीस भरतीला उतरायचं होतं. सोळाशे मीटर तो माझ्यापेक्षा वीस सेकंद लवकर पळायचा. त्या वर्षी मी एकटा पळालो आणि लागलो. ट्रेनिंगला जाण्याआधी त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो अंगणात खाटेवर बसला होता. "लागलास बघ," तो म्हणाला. "दोघांपैकी एक तरी लागला." आप्पा आत निघून गेले.

तो संघ परत जमला नाही. पाटणकरांच्या अर्जाचं काय झालं, कुणाला माहीत नाही. भरतेशनं मोटार रिवायंडिंगचं काम शिकून शिरोळ रस्त्याला दुकान टाकलं. लग्न झालं, दोन मुली झाल्या. माझी बदली सांगलीला झाली. आधी सणासुदीला भेट व्हायची, मग फोन, मग फोनही कमी झाले. कमी मीच केले. तो मात्र त्या सामन्याची गोष्ट दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, असं मला लोकांकडनं कळायचं. माझ्या दोस्तानं पाडला म्हणून पडलो, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं सांगायचा. आपण काय ओरडलो, ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गणपती विसर्जनाचा बंदोबस्त करून मी सकाळी घरी आलो आणि पडलो. तीस तास उभा होतो. दुपारी शर्मिलानं, माझ्या बायकोनं, हलवून उठवलं. "तुमचे मित्र आलेत गावचे. जिना चढून अगदी घामाघूम झालेत."

पोलीस लाइनीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. बाहेर आलो तर भरतेश खुर्चीवर बसला होता, पाय लांब करून, एका हातानं गुडघा दाबत. केस पुढनं गेले होते. अंगात धुतलेला पांढरा शर्ट.

"फोन केला असतास तर मी खाली आलो असतो," मी म्हणालो.

"यायचं मलाच होतं," तो म्हणाला. "आज क्षमावणी आमची."

मला माहीत होतं. त्यांचं दहा दिवसांचं पर्व संपलं की तो दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्याच्या दारात जायचं, हात जोडायचे आणि 'उत्तम क्षमा' म्हणायचं. लहानपणी मी भरतेशबरोबर घरोघर हिंडलोय. समोरचाही तसेच हात जोडतो आणि तेच म्हणतो. दोघंही मागतात. एकानं मागायची आणि दुसऱ्यानं द्यायची, असं त्यात नसतंच.

शर्मिला चहा ठेवून आत गेली. त्यानं चहाला हात लावला नाही.

"दरवर्षी सगळ्यांना मेसेज टाकतो, तुलाही टाकतो," तो म्हणाला. "पण ते खरं नव्हे. या वर्षी उपवास धरले तेव्हाच ठरवलं, संप्याकडं जायचं."

"कशाला रे एवढं?"

"त्या दिवशी मी सोड म्हणालो तुला." त्याचा आवाज उतरला. "ऐकलंस ना तू?"

मी मान हलवली.

"मला ठाऊक होतं ऐकलंस ते. तोंडावर दिसलं मला. देशाचा कॅप्टन होतो लगा मी. छातीवर तिरंगा होता. आणि जिंकायसाठी मी तुला बेइमानी कर म्हणालो. तू केली नाहीस. परक्या माणसांनी एक दिवस विश्वास टाकला तुझ्यावर, तो तू राखलास. आणि आप्पा तुलाच बोलले. गाव तुलाच बोललं. मी कधी तोंड उघडून सांगितलं नाही की चूक माझी होती. माझी लाज झाकायला मी तुला तसाच ठेवला. आप्पा जायच्या आधी तरी सांगायला पाहिजे होतं."

खालच्या मैदानात लाइनीतली मुलं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी बाद झालं, त्यावरून भांडण चाललं होतं.

आत्ता सांगायचं, असं मी म्हटलं मनाशी. शब्दही तयार होते. भरतेश, मी विश्वास-बिश्वास काही राखला नाही. तू मला संघातनं काढलंस म्हणून मी तुझा पाय धरला आणि मुद्दाम आत लोळलो. एवढंच सांगायचं होतं. तो माझ्यासमोर बसला होता. त्यानं तो पाय उचलत तीन जिने चढवला होता.

त्यानं दोन्ही हात जोडले. मान खाली घातली.

"उत्तम क्षमा," तो म्हणाला.

मी त्याच्या हातांकडं बघत होतो. बोटांना वार्निशचे डाग होते. तो वाट बघत होता. वर बघत नव्हता, पण वाट बघत होता.

मी हात जोडले नाहीत.

"केली," मी म्हणालो. "जाऊ दे आता. चहा घे."

त्यानं डोळे पुसले, मोठा श्वास सोडला आणि चहाचा कप उचलला.